अनुदान-अर्जाच्या यूज केसेस: ‘सबमिट’च्या पुढचं आधी लिहा

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात फोंड्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला सरकारी खात्याचं काम मिळालं आहे. भजनी मंडळं, नाट्यमंडळं, तियात्र (गोव्यातलं कोकणी संगीत नाट्य) करणारे गट, गावातली ग्रंथालयं अशा संस्थांना दरवर्षी जे अनुदान मिळतं, त्याचे अर्ज ऑनलाइन घ्यायचे आहेत. विचारणाऱ्या ताई बिझनेस ॲनालिस्ट, म्हणजे ग्राहकाच्या गरजा समजून लिहून काढणाऱ्या, म्हणून नव्या आहेत. त्यांनी चाळीसेक यूज केसेस (प्रणाली वापरून एखादं काम कसं पार पडतं याची पायरीवार वर्णनं) लिहिल्या: लॉगिन करणे, पासवर्ड बदलणे, फाइल अपलोड करणे, पावती डाउनलोड करणे वगैरे. वरिष्ठांनी ‘सगळं बरोबर आहे, पण काम काय ते कळत नाही’ असा शेरा मारून ते सगळं परत पाठवलं. आता किती लिहायच्या, किती खोलात जायचं, आकृती काढायची का, आणि युजर स्टोरीच्या (वापरणाऱ्याला काय हवं ते कार्डावर एक-दोन वाक्यांत लिहिण्याच्या) जमान्यात हे करायचंच कशाला, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमच्या वरिष्ठांचा शेरा बरोबर आहे. पण आधी युजर स्टोरीचं बोलू, कारण ते लवकर आटपेल. स्टोरीचं कार्ड ही बोलण्याची आठवण असते. ग्राहक दर आठवड्याला शेजारी येऊन बसणार असेल तर ते पुरतं. सरकारी खात्यात तसं होत नाही. निविदेला कामाची व्याप्ती जोडलेली असते, मध्येच अधिकाऱ्यांची बदली होते, आणि नवे साहेब पहिल्याच बैठकीत विचारतात, ‘हे असं कुणी ठरवलं?’ तेव्हा दाखवायला कागद लागतो, आणि तो कागद तंत्रज्ञ नसलेल्या माणसाला वाचता आला पाहिजे. यूज केस त्या कामाची आहे. स्वीडनच्या इव्हार याकोबसन यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली, ती टेलिफोन एक्स्चेंजसारख्या गुंतागुंतीच्या यंत्रणांच्या कामातून. यंत्रणा बाहेरून वापरणाऱ्याला तिच्याकडून काय मिळतं, हे गोष्टीसारखं लिहायचं. मूळ कल्पना एवढीच.

आता तुमची चाळीसची यादी. तिच्यातल्या बहुतेक काढून टाका. लॉगिन ही यूज केस नाही. कसोटी साधी आहे: एवढंच काम करून माणूस समाधानाने घरी जाईल का? पेडण्याहून एखाद्या मंडळाचा सचिव ‘आज लॉगिन करून आलो’ असं घरी सांगणार नाही. ‘आज अर्ज घातला’ असं सांगेल. कामाच्या या पातळीला आमच्या धंद्यात समुद्रसपाटी म्हणतात. तिच्या वरचं म्हणजे ‘संस्थेला अनुदान मिळणे’, जे महिनोन्महिने चालतं; तिच्या खालचं म्हणजे ‘फाइल अपलोड करणे’. समुद्रसपाटीवर राहिलात तर अख्ख्या प्रणालीच्या दहा-बारा यूज केसेस होतील: संस्था नोंदवणे, अर्ज सादर करणे, छाननी करणे, त्रुटी दूर करणे, समितीचा निर्णय नोंदवणे, मंजुरी आदेश काढणे, हप्ता वितरित करणे, उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं) देणे आणि ते तपासणे, योजना जाहीर करणे, अहवाल काढणे. लॉगिन, ओटीपी, पासवर्ड हे सगळं सुरक्षेच्या गरजांत एका पानावर मावतं.

या यादीकडे नीट बघा. अर्जदार ज्यात पडद्यासमोर बसलेला असतो अशा त्यात किती आहेत? तीन किंवा चार. तुमच्या चाळीसपैकी जवळजवळ सगळ्या त्याच भागात होत्या. अनुदानाचा अर्ज भरायला एक दुपार लागते, आणि पुढे तो कित्येक महिने कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर असतो. प्रणालीचं खरं काम त्या काळात आहे. पडद्यासमोर कुणीच नसताना अर्जाचं काय होतं, हे तुम्ही लिहिलं नाही तर प्रोग्रामर ते आपल्या मनाने ठरवील, आणि प्रोग्रामरने मामलेदार कचेरीची पायरी एकदा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चढलेली असते, तेवढीच.

ॲक्टर, म्हणजे यूज केसमध्ये काम करणारा किंवा ते सुरू करणारा, कोण, इथेही कागदावरची माणसं आणि खरी माणसं वेगळी असतात. कागदावर ‘अर्जदार’. प्रत्यक्षात अर्ज भरतो तो झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा. सचिव शाळामास्तर किंवा बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ते शेजारी उभे राहून माहिती सांगतात. दुकानदार मोबाइल नंबरच्या जागी स्वतःचा नंबर टाकतो, कारण ओटीपी लगेच मिळतो आणि मागे रांग असते. मग त्रुटीचा एसएमएस जातो दुकानात, मंडळाला पत्ताच नाही. हे लिहायचं कुठे? ‘अर्ज सादर करणे’मध्ये ‘मदतनीस’ असा वेगळा ॲक्टर दाखवा, आणि संस्थेच्या अध्यक्ष व सचिव दोघांच्या नंबरांची स्वतंत्र खात्री झाल्याशिवाय अर्ज सादर होत नाही, अशी पायरी घाला. आपल्याकडची खरी परिस्थिती मान्य केली की पुढच्या अर्ध्या तक्रारी येतच नाहीत.

खात्याच्या बाजूला डीलिंग हँड (फाइल हाताळणारा लिपिक), अधीक्षक, संचालक, समिती, लेखा शाखा आणि शेवटी बिल पास करणारं लेखा संचालनालय. ॲक्टर म्हणजे भूमिका, माणूस नव्हे. छोट्या खात्यात एकच माणूस दोन भूमिका सांभाळतो. आणि गोवा एवढासा असल्यामुळे एक प्रसंग हमखास येतो: समितीवरचे सदस्य अर्ज करणाऱ्या संस्थेचे माजी अध्यक्ष निघतात, किंवा लिपिकाचे काका तिथे खजिनदार असतात. यात कुणाचा दोष नाही, इथे सगळेच सगळ्यांचे काही ना काही लागतात. पण प्रणालीत ‘माझा या संस्थेशी संबंध आहे’ असं नोंदवून बाजूला होण्याची सोय हवी.

आणखी एक ॲक्टर बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे काळ. मुदत संपली, ३१ मार्च आला, उपयोगिता प्रमाणपत्र थकलं, यातली कोणतीही गोष्ट कुणी बटण दाबून सुरू करत नाही. ती तारखेने सुरू होते.

आता एक यूज केस पूर्ण लिहून दाखवतो. मुद्दामच छाननीची घेतली आहे. योजना काल्पनिक आहे, पण कुठल्याही खात्यात थोड्याफार फरकाने असंच चालतं.

अर्जाची छाननी करून तो समितीसमोर ठेवणे

मुख्य ॲक्टर: छाननी लिपिक

कुणाचं काय हित: संस्थेला, काही कमी असेल तर ते नेमकं आणि एकदाच कळावं. खात्याला, अपात्र अर्ज समितीपर्यंत जाऊ नये. लेखापरीक्षकाला, कुणी, केव्हा, कशाच्या आधारावर पात्र ठरवलं ते पुढे कधीही दिसावं.

सुरुवातीची स्थिती: अर्ज सादर होऊन त्याला क्रमांक मिळाला आहे.

काहीही झालं तरी: सादर केलेली मूळ प्रत बदललेली नसेल, प्रत्येक शेरा नाव आणि वेळेसह नोंदलेला असेल.

१. लिपिक आपल्याकडचा सर्वात जुना प्रलंबित अर्ज उघडतो.
२. प्रणाली अर्ज, कागदपत्रं आणि त्या संस्थेला आधी दिलेल्या अनुदानांचा हिशेब दाखवते.
३. लिपिक पात्रतेच्या प्रत्येक अटीसमोर आपला निष्कर्ष नोंदवतो.
४. लिपिक शिफारस आणि अनुज्ञेय रक्कम लिहून अर्ज अधीक्षकाकडे पाठवतो.
५. अधीक्षक शिफारस मान्य करतो.
६. प्रणाली अर्ज समितीच्या पुढच्या बैठकीच्या यादीत घालते आणि संस्थेला तसं कळवते.

वेगळं घडलं तर (आकडा वरच्या पायरीचा):

२क. आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र बाकी आहे: प्रणाली अर्ज थांबवते आणि थकबाकी कोणती ते संस्थेला कळवते. प्रमाणपत्र स्वीकारलं गेल्यावर पायरी २ पासून पुढे.
३क. त्रुटी आढळल्या: लिपिक सगळ्या त्रुटी एकाच पत्रात नोंदवतो. प्रणाली पत्र पाठवते आणि मुदत मोजू लागते. संस्था फक्त त्रुटी असलेला भाग दुरुस्त करून परत पाठवते. पायरी ३ पासून पुढे.
३क१. मुदतीत उत्तर आलं नाही: प्रणाली अर्ज अधीक्षकाकडे नेते. अधीक्षक मुदत वाढवतो किंवा कारण लिहून अर्ज निकाली काढतो.
३ख. बँक खात्यावरचं नाव संस्थेच्या नोंदणीतल्या नावाशी जुळत नाही: लिपिक दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहतो, फरक फक्त लिहिण्याचा असेल तर कारण नोंदवून स्वीकारतो, नाहीतर ३क.
३ग. लिपिकाचा संस्थेशी संबंध आहे: लिपिक तसं नोंदवतो, अधीक्षक अर्ज दुसऱ्याकडे देतो.
५क. अधीक्षक असहमत: शेरा लिहून परत पाठवतो. पायरी ३ पासून पुढे.
कधीही: लिपिक रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली, तर अधीक्षक त्याच्याकडचे अर्ज दुसऱ्याला देतो.
कधीही: संस्थेने अर्ज मागे घेतला, तर छाननी तिथेच थांबते, नोंद राहते.

सरळ वाट सहा ओळींची आहे आणि आडवाटा तिच्यापेक्षा लांब. हे असंच असायला हवं. सरळ वाट कुणालाही सुचते. मी कुठलीही यूज केस तपासायला घेतली की पहिल्यांदा खालचा भाग बघतो. तो दोन ओळींचा असेल तर लिहिणारा खात्यात गेलाच नाही असं समजतो.

३ख कुठून आलं ते सांगतो. मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र इंग्रजीत, लेटरहेड देवनागरीत, आणि पासबुकावर बँकेच्या संगणकाने नाव जिथे मावेनासं झालं तिथे तोडलेलं. त्यात ‘श्री’ आणि ‘शांतादुर्गा’ यांची इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक गावात निराळी. अक्षरशः जुळवणी करणारी प्रणाली केली तर अर्ध्या संस्था बाद होतील, आणि जुळवणीच नसेल तर खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात पैसे जातील. म्हणून निर्णय माणसाचा, कारण लेखी, आणि नोंद कायमची. बँकेचीच आणखी एक गंमत. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली. गोव्यात दोन्ही बँकांत संस्थांची जुनी खाती भरपूर. पुढे जुने आयएफएससी कोड बंद झाले, पण ट्रंकेतलं पासबुक तेच राहिलं, आणि अर्ज भरणारा त्यावरूनच कोड उतरवतो. कोडची अकरा अक्षरं आणि पाचव्या जागी शून्य एवढंच तपासलं तर जुना कोडही बिनदिक्कत पास होतो, आणि चूक कळते ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पैसे परत आल्यावर. म्हणून ‘हप्ता वितरित करणे’मध्ये ‘बँकेने रक्कम परत पाठवली’ ही आडवाट लिहायचीच. तिथे संस्थेने नवा तपशील दिला की तो पुन्हा कुणी तपासायचा, हेही.

‘सगळ्या त्रुटी एकाच पत्रात’ हे वाक्य यूज केसमध्ये एवढंच पुरे. किती दिवसांची मुदत, किती वेळा वाढवता येते, रकमेची कमाल मर्यादा काय, हे नियम वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि त्यांना क्रमांक द्या. नियम दर अर्थसंकल्पात बदलतात, कामाचा ओघ सहसा बदलत नाही. दोन्ही एकत्र कालवलं की दरवर्षी अख्खा दस्तऐवज पुन्हा लिहावा लागतो. तालुका-जिल्ह्यांचंही तसंच. फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. ‘जिल्हा निवडा’ असं पायरीत लिहिलं असेल तर जुन्या आणि नव्या अहवालांचा मेळ बसत नाही. तालुका कोडने साठवा, तो कोणत्या जिल्ह्यात हे तारखेसह माहितीच्या तक्त्यात ठेवा. यूज केसमध्ये त्याचा उल्लेखही नको. इंग्रजीतलं आणि देवनागरीतलं नाव एकमेकांशी जुळवत बसू नका; केपे, डिचोली, काणकोण यांची इंग्रजी रूपं पोर्तुगीज वळणाची आहेत, ती अक्षरांनी जुळणार नाहीत.

भाषेचा प्रश्न मात्र यूज केसचा आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राज्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीचीही मुभा राहिली. प्रत्यक्षात टिपणी इंग्रजीत चालते, भजनी मंडळाचा ठराव मराठीत येतो आणि तियात्र गटाचा रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत. तेव्हा त्रुटीचं पत्र कोणत्या भाषेत जाणार हे ‘संस्था नोंदवणे’मध्येच विचारून घ्या. रोमी ठराव वाचता येत नाही म्हणून लिपिक त्रुटी काढील, तर ती त्रुटी धरायची का, हे खात्याकडून ठरवून घ्या. तुम्ही ठरवू नका.

वाक्यांबद्दल एक सूचना. सरकारी मराठीची सवय लागलेली असते, हात आपोआप ‘अर्ज तपासण्यात येतो’, ‘पुढील कार्यवाही करण्यात येते’ असं लिहून जातो. यूज केसमध्ये हे विष आहे, कारण करणारा गायब होतो. प्रत्येक ओळीला कर्ता हवा: लिपिक नोंदवतो, प्रणाली कळवते, समिती ठरवते. कर्ता सापडत नसेल तर ते काम कुणाचं हे खात्यातही कुणाला ठाऊक नाही असं समजा आणि बैठकीत विचारा. त्याचप्रमाणे ‘नेक्स्ट बटणावर क्लिक करतो’, ‘ड्रॉपडाउनमधून निवडतो’ हे नको. ‘सचिव कार्यक्रमाचा अंदाजित खर्च देतो’ एवढं पुरे. बटणं डिझायनर ठरवील.

सबमिटच्या पुढच्या भागातही सर्वात दुर्लक्षित कोपरा म्हणजे पैसे दिल्यानंतरचा. निविदेत बहुधा ‘मंजुरीपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि उपयोगिता प्रमाणपत्रं पुन्हा कागदावर राहतात. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये अनुदान घेणाऱ्या संस्थांसाठी या प्रमाणपत्राचा नमुना १२-अ आहे, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ते द्यायचं असतं. तुमच्या योजनेचा नमुना आणि मुदत काय ते खात्याकडून लेखी घ्या, पण यूज केस हवीच, कारण वरचं २क तिच्यावर उभं आहे. सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर २०१९ पासून अठरा अक्षरी यूडीआयएन (त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो, तो सनदी लेखापालांच्या संस्थेच्या, आयसीएआयच्या, संकेतस्थळावर पडताळता येतो. तेव्हा ‘यूडीआयएन नाही’ आणि ‘यूडीआयएन आहे, पण रक्कम जुळत नाही’ अशा दोन आडवाटा इथे येतात. आणि एक तिसरी, जिचं उत्तर कुणाकडेच तयार नसतं: कार्यक्रम झालाच नाही, पैसे परत करायचे आहेत. परतीचं चलन कुणी तयार करायचं? प्रामाणिक मंडळाला पैसे परत करायला वाट नसते म्हणून ते थकबाकीदार ठरतं, हे मी पाहिलं आहे.

आचारसंहितेचंही लिहून ठेवा. निवडणूक जाहीर झाली की अनुदानाच्या घोषणा करता येत नाहीत. मग अर्ज घ्यायचे का, छाननी चालू ठेवायची का, त्रुटीची मुदत त्या काळात मोजायची का? गोव्यात विधानसभा, लोकसभा, जिल्हा पंचायत, पंचायत, पालिका असं काही ना काही चालूच असतं. ‘योजना तात्पुरती थांबवणे’ अशी छोटी यूज केस करा आणि थांबलेल्या काळात कोणती घड्याळं चालू राहतात ते तिच्यात लिहा. अर्जाच्या शेवटच्या दिवसाचंही तसंच: रात्री अकरा वाजता पावसात वीज गेली, अर्ज अर्धवट राहिला. मसुदा जपून ठेवला का, मुदत कोणाच्या घड्याळाने संपली, आणि वाढवायची झाली तर सगळ्यांसाठी की एकट्यासाठी? एकट्यासाठी वाढवण्याची सोय ठेवलीत तर तिच्यासाठी फोन येतील, हे खात्याला आधीच सांगा.

ही माहिती मिळवायची कुठून? बैठकीत मिळत नाही. बैठकीत साहेब योजना जशी असायला हवी तशी सांगतात. खात्याची परवानगी घेऊन जुन्या फायली मागा, आणि त्यातही मंजूर झालेल्या नव्हे, परत गेलेल्या आणि वर्षभर अडकलेल्या. टिपणीची पानं मागून पुढे वाचा. ‘ठरावाची प्रत जोडलेली नाही’, ‘खाते खजिनदाराच्या नावे’, ‘अंदाजपत्रकावर सही नाही’ अशा ओळी सापडतील. एकेक ओळ म्हणजे एकेक आडवाट. एकच फाइल तीनदा परत गेलेली असेल आणि दर वेळी नवीन त्रुटी काढलेली असेल, तर ‘एकाच पत्रात’ हे खात्याला पटवायला ती फाइल पुरते.

आकृतीचं विचारलंत. एकच काढा, काडीची माणसं आणि लंबवर्तुळं असलेली, सूचीसारखी पहिल्या पानावर. तिच्यात बाण वाढवत बसू नका. आकृतीवरून कुणाला काही कळत नाही, फक्त काही राहिलं का एवढं दिसतं.

लिहून झालं की संचालकांना ई-मेल करून ‘कृपया अभिप्राय द्यावा’ म्हणू नका. अभिप्राय ‘ठीक आहे’ असा येईल. छाननीची यूज केस छापून डीलिंग हँडच्या टेबलाशी बसा, दुपारी जेवणानंतर गर्दी कमी असते तेव्हा. एकेक पायरी मोठ्याने वाचा आणि पेन त्यांच्या हातात द्या. चौथ्या-पाचव्या ओळीला ते म्हणतील, ‘असं होत नाही हो, आधी तोंडी विचारावं लागतं.’ ते तिथेच लिहून घ्या. दुरुस्त पानांवर त्यांची आणि अधीक्षकांची सही घेऊन ती जपा. पुढे टेस्टरला वेगळी यादी बनवायला लागत नाही. २क, ३क१, ३ख, ५क याच त्याच्या टेस्ट केसेस, आणि स्वीकृती चाचणीच्या दिवशी खात्याच्या माणसांना त्या ओळखीच्या वाटतात.